भाजे लेणीच्या पायऱ्यांवरून शुक्र बघताना

गेल्या नोव्हेंबरात मी ज्या वस्तीत काम करते तिथल्या एका मावशींचा फोन आला. मुलीचे लग्न ठरले होते. २१ डिसेंबर २०२५, रविवार. हॉलची अनामत भरून झाली होती, बौद्धाचार्यांना कळवले होते, पत्रिकेवर बुद्ध आणि बाबासाहेबांचे फोटो कुठे घ्यायचे तेही ठरले होते. आणि आता मुलाकडचे म्हणत होते, तारीख पुढे न्या. का? "शुक्राचा अस्त आहे म्हणे ताई. त्यात लग्न लावलं तर संसाराला सुख लागत नाही म्हणतात."

मुलाकडचेही आपलेच, बौद्ध. लग्न त्रिसरण-पंचशीलाने लागणार, मंगलाष्टके नाहीत, हुंडा नाही. फक्त तारीख तेवढी पंचांगाची. एम. ए.ला असताना एम. एन. श्रीनिवास यांची संस्कृतीकरणाची संकल्पना मी नोट्स काढून पाठ केली होती. खालच्या मानल्या गेलेल्या जाती वरच्यांच्या चालीरीती कशा उचलतात, वगैरे. परीक्षेत उदाहरणे कर्नाटकातल्या खेड्यांची लिहिली. स्वतःच्या मोबाइलवर उदाहरण ऐकायला मिळेल असे तेव्हा वाटले नव्हते.

लग्न शेवटी फेब्रुवारीत लागले. अनामत बुडाली ती बुडालीच. मावशी चार घरची धुणीभांडी करतात, त्यामुळे ती रक्कम म्हणजे काय हे मी वेगळे सांगायला नको. लग्नानंतर मुलगी भेटायला आली तेव्हा सहज म्हणाली, "ताई, अस्त म्हणजे तो विझतो का? आपण तर त्याला भाज्याला बघितला होता."

बघितला होता, खरेच. तिच्या प्रश्नाला मी तेव्हा दोन वाक्यांत उत्तर दिले, पण ते पुरेसे नव्हते. म्हणून हा लेख.

१८ जानेवारी २०२५, शनिवार. वस्तीतल्या अभ्यासिकेची बावीस मुले-मुली घेऊन आम्ही भाजे लेणी बघायला गेलो होतो. पुणे-लोणावळा लोकलने मळवलीला उतरायचे, तिथून दीड-दोन किलोमीटर चालत भाजे गाव, मग पायऱ्या. विसापूर किल्ल्याच्या डोंगरात कोरलेली ही बावीस लेणी इसवी सन पूर्व दुसऱ्या शतकात सुरू झाली, म्हणजे सुमारे २२०० वर्षांपूर्वी. महाराष्ट्रातल्या सगळ्यात जुन्या लेण्यांपैकी ही. चैत्यगृहात बुद्धमूर्ती नाही, नुसता स्तूप आहे. समोरचा लाकडी दर्शनी भाग कधीच नाहीसा झाला, त्यामुळे ती मोठी कमान आज सताड उघडी आहे, आणि लेणी पश्चिमेकडे तोंड करून असल्यामुळे दुपार कलली की ऊन आत येते. छताला लाकडी फासळ्या आहेत, खांब आतल्या बाजूला किंचित कललेले आहेत. दगडात लाकडी घराची हुबेहूब नक्कल करणारे ते कारागीर होते.

खांब मोजण्याचे काम मी मुलांना दिले होते. अष्टकोनी, साधे, सत्तावीस. एका मुलाने लगेच हात वर केला. "ताई, सत्तावीस नक्षत्रं!" त्याने कुठल्या तरी व्हिडिओत ऐकले होते की प्राचीन वास्तू म्हणजे वेधशाळाच असतात. मी त्याला विचारले, पलीकडे कार्ल्याच्या चैत्यात सदतीस खांब आहेत, मग तिथे दहा नक्षत्रे जास्त आली का? तो हसला आणि गप्प बसला.

हे मुद्दाम सांगते, कारण आपल्याकडेही हा रोग शिरतो आहे. लेणी आपली आहेत हे सांगण्याच्या उत्साहात आपण त्यांना काहीबाही चिकटवतो. भाजे पश्चिमेकडे बघते कारण तिथला कडा पश्चिमेकडे आहे. याच मावळातले बेडसे पूर्वेकडे बघते, कारण तिथला कडा तसा आहे. भाजे शुक्रासाठी कोरले असे उद्या कुणी सांगितले तर त्याला खांब मोजायला पाठवा. आपल्या पूर्वजांचे श्रम आणि दान एवढे मोठे आहे की त्याला खोट्या चमत्काराची झालर लागत नाही.

तर, पाचच्या पुढे चौकीदार शिट्टी वाजवायला लागले. संरक्षित स्मारक असल्यामुळे सूर्यास्ताच्या आत बाहेर पडावेच लागते, आणि ते योग्यच आहे. आम्ही खाली उतरून तिकीटखिडकीच्या खालच्या पायऱ्यांवर बसलो, डब्यात उरलेल्या चपात्या काढल्या. समोर सगळी पश्चिम मोकळी. सूर्य पुरता बुडायच्या आधीच एका मुलीला तो दिसला. क्षितिज आणि डोक्यावरचा माथा यांच्या साधारण मध्यावर, थोडा डावीकडे, पांढरा ठिपका. "विमान आहे का?" हलत नव्हता. दहा मिनिटांत तो इतका तेजस्वी झाला की वाद मिटला. अंधार वाढला तसा त्याच्या डावीकडे आणखी एक मंद, पिवळसर ठिपका उमटला. तो शनी. त्या दिवशी दोघांत जेमतेम दोन अंशांचे अंतर होते. हात ताणून धरला तर करंगळीच्या रुंदीची दोन मापे.

त्या दिवसांत मोबाइलवर "सात ग्रह एका रेषेत" असे मेसेज फिरत होते. काहींत दानधर्माचे सल्लेही होते. खरी गोष्ट साधी होती. ग्रह जवळपास एकाच प्रतलात सूर्याभोवती फिरतात, म्हणून आकाशात ते नेहमीच एका पट्ट्यात दिसतात. फक्त त्या महिन्यात संध्याकाळी एकदम बरेच दिसत होते, एवढेच नवीन.

आता शुक्र. आजी त्याला शुक्राची चांदणी म्हणायची. पहाटे ती उगवली की जात्यावर बसायचे, हे तिचे घड्याळ. मी एकदा विचारले होते, रोज उगवायची का? तर म्हणाली, "नाही गं, काही महिने जायची कुठंतरी. मग कोंबड्यावर भागवायचं." शाळेचे तोंड न बघितलेल्या बाईने ग्रहाचे वागणे अचूक टिपले होते. फक्त ती चांदणी नव्हे. ताऱ्याला स्वतःचा उजेड असतो. शुक्र उसना उजेड परतवतो. त्याच्याभोवती सल्फ्युरिक आम्लाच्या ढगांचे जाड पांघरूण आहे आणि ते सूर्याचा बहुतांश प्रकाश परत फेकते, म्हणून चंद्राखालोखाल रात्रीच्या आकाशात तोच चमकतो. पांघरुणाखाली काय आहे? सुमारे ४६५ अंश सेल्सिअस तापमान, कार्बन डायऑक्साइडचे वातावरण आणि पृथ्वीच्या नव्वद पट दाब. संसारसुखाचा कारक म्हणून ज्याला नेमला आहे त्याच्या जमिनीवर शिसे वितळेल.

तो मध्यरात्री कधी माथ्यावर का दिसत नाही, हे आम्ही पायऱ्यांवरच खेळून बघितले. एका मुलाला मधे उभे केले, हातात टॉर्च, हा सूर्य. एक मुलगी त्याच्या जवळून फेऱ्या मारणार, हा शुक्र. दुसरी थोडी लांबून, ही पृथ्वी. शुक्र सूर्यापासून सुमारे १०.८ कोटी किलोमीटरवर आहे, आपण १५ कोटींवर. तो आतल्या धावपट्टीवर आहे. पृथ्वी झालेल्या मुलीने शुक्राकडे बघितले की तिचे तोंड दरवेळी साधारण सूर्याच्याच बाजूला वळायचे. सूर्याकडे पाठ करून शुक्र बघणे तिला जमेचना. मध्यरात्री आपली पाठ सूर्याकडे असते, म्हणून मध्यरात्री शुक्र नाही. सूर्यापासून तो जास्तीत जास्त ४७ अंश लांब जातो. हात ताणून मूठ धरली तर एक मूठ म्हणजे दहा अंश, म्हणजे साडेचार मुठींच्या थोडे पुढे. त्या जानेवारीत तो या टोकाजवळच होता, म्हणून रात्री नऊनंतरही दिसत राहिला.

अस्त म्हणजे काय तेही याच खेळात कळते. फेऱ्या मारता मारता शुक्र झालेली मुलगी टॉर्चच्या बरोबर मागे गेली की पृथ्वीला दिसेनाशी होते. टॉर्चच्या पुढून गेली तरी डोळे दिपल्यामुळे दिसत नाही. विझली का? नाही. तिकडेच आहे, चालतेच आहे. ६ जानेवारी २०२६ ला शुक्र सूर्याच्या पलीकडे, आपल्यापासून पंचवीस कोटी किलोमीटरहून जास्त दूर होता. त्याच्या आगेमागे काही आठवडे तो सूर्याच्या झगमगाटात लपला. मावशींचा २१ डिसेंबर त्यात सापडला. सूर्याकडे रोखलेल्या सोहो या यानाचा कॅमेरा सूर्याची थाळी झाकून घेतो, त्यामुळे अशा वेळी सूर्याशेजारून जाणारे ग्रह त्याला दिसतात. पंचांगात जो बुडालेला असतो तो तिथे सरळ चालताना दिसतो. लपला तो फक्त आपल्या अंगणातून.

आणि हे वेळापत्रकानुसार होते. साधारण ५८४ दिवसांनी शुक्र, सूर्य आणि पृथ्वी यांची मांडणी पुन्हा तशीच येते. अशा पाच फेऱ्या म्हणजे २९२० दिवस, म्हणजे जवळजवळ आठ वर्षे. आम्ही जानेवारी २०२५ मध्ये बघितलेला देखावा जानेवारी २०१७ मध्येही तसाच होता आणि २०३३ मध्येही असेल. भाजे लेणी झाल्यापासून ही आठ वर्षांची फेरी सुमारे पावणेतीनशे वेळा पुरी झाली. त्या काळात किती लग्ने मोडली, किती टिकली, याची त्याला खबर नाही.

मुलांनी विचारले, मग भिक्खू आकाश बघायचे की नाही? हा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो. आपल्यातले काही जण ग्रहताऱ्यांचे नाव काढले की ते सगळेच अंधश्रद्धेच्या खात्यात टाकतात, आणि काही जण घरात पत्रिका करून घेतात. तथागतांनी दोन्हीतला फरक केला होता.

विनयपिटकाच्या चुल्लवग्गात एक मजेशीर प्रसंग आहे. अरण्यात राहणाऱ्या भिक्खूंकडे चोर येतात. पाणी आहे का? नाही. विस्तव आहे का? नाही. आज कुठले नक्षत्र आहे? माहीत नाही. ही दिशा कुठली? माहीत नाही. चोर म्हणतात, हे कसले भिक्खू, आणि मारून निघून जातात. गोष्ट तथागतांपर्यंत जाते. ते अरण्यवासी भिक्खूंसाठी नियम घालून देतात. पिण्याचे पाणी ठेवा, विस्तव ठेवा, नक्षत्रांच्या जागा शिका, सगळ्या किंवा काही तरी, आणि दिशांमध्ये कुशल व्हा. भाज्याच्या डोंगरात पावसाळा काढणाऱ्या भिक्खूंना हा नियम लागू असणारच. उपोसथाचा दिवस चंद्रावरून धरायचा. वाट चुकली तर ताऱ्यांवरून दिशा काढायची. वण्णुपथ जातकात तर वाळवंट ओलांडणारा तांडा रात्री चालतो आणि पुढच्या गाडीत आडवा पडलेला वाटाड्या तारे बघून दिशा सांगतो. त्याला डुलकी लागते आणि बैल माघारी वळतात. कोकणातून घाटमाथ्यावर येणाऱ्या व्यापारी वाटांवरच ही मावळातली लेणी आहेत. कार्ल्याच्या खांबांवर तर दूरवरून आलेल्या यवन दात्यांचीही नावे कोरलेली आहेत. असली आकाशविद्या या लोकांच्या रोजच्या कामाची होती.

दुसरी बाजू दीघनिकायाच्या पहिल्याच सुत्तात, ब्रह्मजाल सुत्तात आहे. श्रमणाने कुठल्या धंद्यांवर पोट भरू नये याची लांबलचक यादी तिथे येते. ग्रहणांची भाकिते, ग्रहताऱ्यांच्या उदय-अस्ताची आणि तेज कमी-जास्त होण्याची फळे सांगणे, आणि त्याच यादीत मुलगी आणण्या-देण्याचे मुहूर्त काढणे. या सगळ्याला तिथे तिरच्छानविज्जा, म्हणजे हीन विद्या, म्हटले आहे. उदय-अस्त आणि लग्नाचा मुहूर्त एकाच यादीत, तेही अडीच हजार वर्षांपूर्वीच्या परंपरेत. मी हे मावशींना वाचून दाखवले तेव्हा त्या थोडा वेळ बोलल्याच नाहीत. मग म्हणाल्या, "हे विहारात कुणी सांगितलं नाही कधी." ही तक्रार आपण सगळ्यांनी ऐकून घ्यायला हवी.

नक्षत्र जातक तर त्यांच्याच घरची गोष्ट वाटावी. शहरातल्या कुटुंबाने खेड्यातली मुलगी मागितली, दिवस ठरला. मग ते आपल्या आजीवक गुरूला विचारायला गेले. आधी विचारले नाही म्हणून तो रुसला होता. त्याने सांगून टाकले, आजचे नक्षत्र वाईट. मंडळी गेलीच नाहीत. खेड्यातल्या लोकांनी वाट बघितली आणि त्याच दिवशी मुलगी दुसऱ्या घरी दिली. दुसऱ्या दिवशी वऱ्हाड पोहोचले तेव्हा नुसते भांडण. तिथल्या शहाण्या माणसाने विचारले, मुलगी मिळणे हेच तर शुभ होते, त्यात तारे काय करणार?

बाबासाहेबांनी १९५६ मध्ये नागपूरला दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत ब्राह्मणाच्या हातून क्रियाकर्म न करून घेण्याची प्रतिज्ञा आहे. आपण भटजी बाहेर ठेवला, पण त्याचे पंचांग भिंतीवरच्या कॅलेंडरातून आत आले. यात मला मावशींचा दोष वाटत नाही. मुलीच्या संसाराचे काही बरेवाईट झाले तर "तुम्ही अस्तात लग्न लावलं" हे आयुष्यभर त्यांनाच ऐकावे लागले असते. एकटी बाई ते ओझे घेत नाही. तिच्या पाठीशी विहार समिती, मंडळ, नातेवाईक उभे राहिले तर कदाचित घेईल.

कुणी म्हणेल, अनुभवाने सिद्ध झालेले शास्त्र आहे. मग जयंत नारळीकर आणि नरेंद्र दाभोलकर यांनी सहकाऱ्यांसह पुण्यात घेतलेली चाचणी त्यांना सांगा. शंभर हुशार आणि शंभर गतिमंद मुलांच्या पत्रिका घेतल्या. ज्योतिषांना प्रत्येकी चाळीस पत्रिका दिल्या आणि विचारले, यातले हुशार मूल कुठले? २७ जणांची उत्तरे आली. बरोबर उत्तरांची सरासरी ४६ टक्के. नाणे उडवले असते तर पन्नास टक्के आली असती.

शुक्राबद्दल आपल्या परंपरेत सुंदर असेही काही आहे. इतिवुत्तकात मेत्ता भावनेचे तेज सांगताना रात्र सरता सरता झळकणाऱ्या ओसधी ताऱ्याची उपमा येते. ओसधी म्हणजे शुक्रच, असे बरेच अभ्यासक मानतात. जपानच्या झेन परंपरेत तर ८ डिसेंबरला पहाटतारा बघताना सिद्धार्थ बुद्ध झाले असे सांगतात. पाली परंपरेत रात्रीच्या तिसऱ्या प्रहराचा उल्लेख आहे, त्यात ग्रहाचा प्रसंग नाही. दोन्ही ठिकाणी तारा फळ देत नाही किंवा कोपत नाही. तो दिसतो, आणि बघणारा जागा असतो.

आता कामाचे. शुक्र सध्या पुन्हा संध्याकाळी पश्चिमेला आहे. १ मे २०२६ ला बुद्ध पौर्णिमा. त्या दिवशी सातच्या सुमारास सूर्य बुडेल, शुक्र पश्चिमेला तीन मुठींहून थोडा कमी उंचीवर असेल आणि दोनेक तास दिसेल. पूर्वेला पूर्ण चंद्र, मात्र भाज्याला तो डोंगरामागून वर यायला वेळ लागेल. ९ जूनच्या आसपास शुक्र आणि गुरू अगदी जवळ, दीड अंशाच्या आसपास येतील. तोवर पाऊस पोहोचला नाही तर नशीब म्हणायचे, म्हणजे हवामान म्हणायचे. बरे, तेव्हा अधिक महिनाही चालू असेल, त्यामुळे लग्नाच्या तारखांवरून पुन्हा फोन येतील. ऑगस्टमध्ये शुक्र सूर्यापासून सर्वांत लांब असेल, पण मावळात तेव्हा ढग. पावसानंतर, २४ ऑक्टोबरला तो सूर्य आणि पृथ्वी यांच्यामधून जाईल. त्याच्या आधीच्या काही आठवड्यांत साध्या दुर्बिणीतूनही त्याची कोर दिसते, द्वितीयेच्या चंद्रासारखी. फक्त सूर्य पूर्ण मावळल्याशिवाय दुर्बीण तिकडे फिरवू नका, डोळा जाईल. गॅलिलिओने १६१० मध्ये याच कला बघितल्या आणि शुक्र सूर्याभोवती फिरतो हे पक्के झाले. नोव्हेंबरपासून तो पहाटे पूर्वेला येईल, तेव्हा बेडशाच्या पायथ्याशी जा.

लेण्यात थांबण्याचा हट्ट करू नका. दिवसा लेणी बघा, वंदना घ्या, वेळेत खाली उतरा. चैत्यात मेणबत्ती, अगरबत्ती नको, काजळी दगडावर बसते. पायऱ्यांवर टॉर्च जमिनीकडे धरा. एका गटाला दुर्बिणी दोन पुरतात. मळवलीहून परतीच्या लोकलची वेळ आधी बघून ठेवा, मागच्या वेळी आमची पाच मिनिटांनी चुकली आणि बावीस जण फलाटावर गुरू-मंगळ मोजत बसले.

१ मेसाठी आमच्या यादीत सध्या एकोणतीस नावे आहेत. त्यात त्या मुलीचे, तिच्या नवऱ्याचे आणि सासूबाईंचे नाव आहे. सासूबाईंना पायऱ्या चढवत नाहीत, त्यांच्यासाठी खाली गावात खुर्चीची सोय करायची आहे.